अनुभव धागा : सर्टिफिकेशनमुळे नोकरीत नेमकं काय बदललं? सोलापूरकर डेव्हलपरांनो, सांगा

आमच्या गल्लीतला मुलगा परवा विचारत होता, "दादा, एडब्ल्यूएसची असोसिएट परीक्षा देऊ का? फी १५० डॉलर आहे." वडील यंत्रमागावर. ही अमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरांची, मधल्या पातळीची परीक्षा. कर धरून पंधरा हजारांच्या आसपास म्हणजे त्या घरात लहान रक्कम नाही. एकट्याच्या अनुभवावर उत्तर द्यायला मन धजेना, म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्यापासून. २००८ साली पुण्यात एससीजेपी, म्हणजे जावा प्रोग्रामरची परीक्षा, दिली. तेव्हा जावा सन कंपनीची होती. २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि परीक्षेचं नावही बदललं. त्या कागदानं पगार वाढला नाही. पण अभ्यास करताना दोन गोष्टी सारख्या आहेत का ते ठरवणारं equals बदललं की त्यांचा शोध-आकडा देणारं hashCode का बदलावं लागतं, हे डोक्यात पक्कं बसलं, आणि पुढच्या तीन इंटरव्ह्यूंत या दोघांवरच चालणाऱ्या हॅशमॅपचाच प्रश्न आला.

टेस्टिंग, ९ वर्षं
आयएसटीक्यूबी फाउंडेशन, सॉफ्टवेअर टेस्टिंगची पायाभूत परीक्षा. ४० प्रश्न, एक तास, २६ बरोबर आले की पास, आणि सर्टिफिकेटची मुदत कधी संपत नाही. परदेशी क्लायंटकडे टीम पाठवताना आमच्याकडे हे बघतात. बाकी फरक म्हणाल तर बाउंडरी व्हॅल्यू (मर्यादेच्या काठावरचे आकडे तपासणं) वगैरे गोष्टी मी आधीही करायचे, आता त्यांची नावं सांगता येतात.

क्लाउड, ४ वर्षं
मी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, होतो. कंपनीला क्लाउड पार्टनर म्हणून वरची पायरी गाठायला सर्टिफाइड माणसांचा आकडा हवा होता, म्हणून फी त्यांनी भरली. मी डम्प, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न आणि उत्तरं, पाठ केले आणि पास झालो. सहा महिन्यांनी दुसरीकडे इंटरव्ह्यू. समोरच्यानं शांतपणे विचारलं, "प्रायव्हेट सबनेटमधल्या सर्व्हरला अपडेट घ्यायला इंटरनेट कसं देणार?" प्रायव्हेट सबनेट म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येत नाही असा नेटवर्कचा भाग. त्यातून बाहेर जायला वाट देणारा नॅट गेटवे, हा शब्द माहीत होता. तो कुठल्या सबनेटमध्ये ठेवायचा आणि राउट टेबलमध्ये, म्हणजे वाटा ठरवणाऱ्या तक्त्यात, काय लिहायचं, हे काही सांगता येईना. वीस मिनिटांत बाहेर आलो. त्या दिवसाची लाज अजून आहे. नंतर स्वतःच्या खात्यावर सगळं हातानं उभं केलं, मोडलं, परत उभं केलं. तीन वर्षांनी मुदत संपल्यावर परीक्षा पुन्हा दिली, त्या वेळी एकही डम्प उघडला नाही.

डेव्हऑप्स, घरूनच काम, अशोक चौकाजवळ
माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून जरा सविस्तर. सीकेए म्हणजे कुबरनेटीसची परीक्षा. कुबरनेटीस म्हणजे अनेक सर्व्हरांच्या गटावर, क्लस्टरवर, अ‍ॅप्लिकेशन चालती ठेवणारी प्रणाली. यात पर्याय निवडायचे नसतात. दोन तास कमांड टाइप करायचं खरं टर्मिनल समोर असतं, अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडता येतं, आणि क्लस्टर तुम्हीच दुरुस्त करायचा. पासाला ६६ टक्के. वेबकॅमवरून सगळी खोली दाखवावी लागते, कोणी आत आलेलं चालत नाही. आमच्या शेजारी मागांची खटखट दिवसभर. म्हणून माग बंद असतात तो दिवस निवडला आणि आईला दाराबाहेर बसवलं.

पहिल्यांदा नापास. ईटीसीडीचा, म्हणजे क्लस्टरची माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसचा, बॅकअप परत घेण्यातच चाळीस मिनिटं घालवली. फीमध्ये एक संधी आणखी मिळते, ती वापरून महिन्यानं पास झालो.

आता उपयोग. एका रात्री दोन वाजता आमचा एक नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर, नॉट-रेडी झाला. नोडवरचं काम सांभाळणारं क्युबलेट बंद पडलं होतं. लॉग बघितला, कॉन्फिगमधली चूक सापडली, दहा मिनिटांत नोड परत आला. हे मला नोकरीनं शिकवलं नव्हतं, त्या दोन तासांच्या परीक्षेच्या तयारीनं शिकवलं.

फ्रेशर, बीसीए
आई विड्या वळते. डॉलरमधल्या परीक्षेचा विचारसुद्धा नव्हता. एनपीटीईएलवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कोर्सच्या मंचावर, आयआयटीच्या सरांचा १२ आठवड्यांचा कोर्स फुकट केला, परीक्षेचे १००० रुपये भरले. असाइनमेंटला २५ टक्के, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५. आमच्या कॉलेजचं नाव ऐकून एचआर फोन ठेवायचे. रेझ्युमेवर आयआयटीचा शब्द आला आणि पहिला कॉल आला. पण त्या कॉलवर अर्धा तास चर्चा झाली ती माझ्या प्रोजेक्टची, विडी कार्ड आणि रोजचा हिशोब ठेवणाऱ्या छोट्या अ‍ॅपची. आईसाठी केलं होतं ते.

इंटरव्ह्यू घेणारा, ११ वर्षं
माझ्याकडे एकही सर्टिफिकेट नाही. एक वर्षाचा अनुभव आणि सहा सर्टिफिकेट दिसली की मी मुद्दाम खोलात विचारतो. मात्र मुलं झाल्यावर पाच वर्षांनी परत येणाऱ्या ताईंच्या रेझ्युमेवर ताजं सर्टिफिकेट असेल, तर ते मी मनापासून वाचतो. ती रिकामी वर्षं दुसऱ्या कशानं भरून दाखवायची त्यांनी?

अझ्युर, जुळे सोलापूर
वरच्या दादांनी म्हटलेल्या ताईंपैकी मी एक. एझेड-९००, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडची पायाभूत परीक्षा, आधी दिली, तिच्या सर्टिफिकेटची मुदत संपत नाही. असोसिएट पातळीची मात्र दर वर्षी नूतनीकरण मागते, घरबसल्या, फुकट. घरात दोन पोरं असताना तेवढं जमतं.

क्लाउड, ४ वर्षं (पुन्हा)
धागाकर्त्या दादा, त्या मुलाला एवढ्यात पैसे भरू देऊ नका. येत्या रविवारी मी सोलापुरातच आहे. सकाळी दहाला पार्क चौकात त्याला लॅपटॉप घेऊन पाठवा, प्रायव्हेट सबनेट त्याच्याच हातानं उभं करून घेतो.