लाल कोळीच्या (पिकांचा रस शोषणाऱ्या सूक्ष्म अष्टपाद किडीच्या) दोन जाती नराच्या एडीगसवरून (जननेंद्रियावरून) ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मालवणजवळ भातकापणीनंतर केलेल्या चवळीवर आणि तिला लागूनच असलेल्या वांग्यांवर लाल कोळी आला आहे. चवळीवरच्या माद्या एकसारख्या गडद किरमिजी आहेत, तर वांग्यावरच्या काही माद्यांच्या दोन्ही कुशींवर काळसर डाग दिसतात. त्यामुळे पहिली टेट्रानिकस लुडेनी आणि दुसरी टेट्रानिकस अर्टिकी असावी, असा माझा अंदाज आहे. मात्र रंगावर निर्णय देणे मला धोक्याचे वाटते, कारण अर्टिकीचेही तांबडे रूप असते आणि ते सिनाबॅरिनस या नावाने बराच काळ वेगळी जात म्हणून गणले जात होते.

टेट्रानिकस या वंशाबद्दल शंका नाही. पहिल्या पायाच्या शेवटच्या खंडावरील जोडकेसांच्या (अगदी लगत जोडीने उगवणाऱ्या केसांच्या) दोन जोड्या एकमेकींपासून स्पष्ट दूर आहेत. ऑलिगोनिकस या जवळच्या वंशात त्या टोकाकडे जवळजवळ असतात.

अडचण नरांची आहे. अर्टिकीच्या एडीगसच्या टोकावरील गाठीला पुढे व मागे असे दोन लहान टोकदार कोपरे असतात, तर लुडेनीची गाठ फारच बारीक, खालच्या अरुंद मानेपेक्षा जेमतेम रुंद असते, एवढे मला ठाऊक आहे. परंतु हॉयर माध्यमात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुना काचपट्टीवर बसवण्याच्या द्रवात) बसवलेला नर कव्हरस्लिप (वरची पातळ काच) ठेवताच पाठीवर किंवा पोटावर वळतो, आणि थोड्याशा तिरकेपणानेही गाठीचा एक कोपरा दिसेनासा होऊन अर्टिकीचा नर लुडेनीसारखा भासू लागतो. नर नेमका कुशीवर कसा राखावा? शिवाय माद्यांच्या गर्दीत नर मोजकेच सापडतात. ते वाढवण्याचा काही उपाय आहे का?

प्रतिसाद:

माध्यम अगदी थोडे घ्यावे आणि कमी वर्धनाखाली पाहत कव्हरस्लिप सुईने केसभर सरकवावी. नर तिच्याबरोबर लोळतो आणि कुशीवर आला की थांबता येते. त्यानंतरच काचपट्टी उबेत सुकवावी. आपल्याकडच्या दमट हवेत हॉयर पाणी ओढून घेते, म्हणून पूर्ण सुकल्यावर कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात.

नरांसाठी प्रौढ होण्यापूर्वीच्या अखेरच्या निश्चल अवस्थेतील माद्या वेगळ्या काढून ओल्या कापसावरील पानाच्या तुकड्यांवर एकेकट्या ठेवाव्यात. समागम न झालेल्या मादीच्या अंड्यांतून केवळ नरच निघतात आणि उष्ण हवेत अंडे घातल्यापासून साधारण 8 ते 10 दिवसांत ते प्रौढ होतात. चवळीवरचे आणि वांग्यावरचे नर मात्र वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर घ्या, कारण शेजारच्या पिकांत दोन्ही जाती एकाच पानावरही मिसळलेल्या असू शकतात.