‘गँबिट’ला मराठीत काय म्हणायचं?

कोल्हापुरात राजारामपुरीत सुट्टीच्या दिवशी मुलांना बुद्धिबळ शिकवते. सध्या अँडरसन आणि किझेरिट्स्की यांचा १८५१ चा लंडनमधला गाजलेला डाव घेतलाय. दुसऱ्याच चालीला पांढरा उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो आणि काळा ते मारतो. हा किंग्ज गँबिट. मुलं विचारतात, गँबिट म्हणजे काय? एखादा नेमका मराठी शब्द आहे का?

— बळी म्हणा की ताई. वजिराचा बळी, हत्तीचा बळी असं आपण म्हणतोच.

— बळी नको. याच डावात दोन्हींतला फरक दिसतो. अँडरसनने पुढे एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला आणि उरलेल्या एका उंटाने नि दोन घोड्यांनी २३व्या चालीला मात केली. ते बळी, लढत पेटल्यावर दिलेले. गँबिट सुरुवातीच्या चालींतलाच. बहुधा एखादं प्यादं देऊ करायचं आणि त्या बदल्यात पटाचा मध्य किंवा मोहरे लवकर बाहेर काढायला वेळ मिळवायचा. इथे काळ्याचं प्यादं मधून बाजूला गेलं, की पांढऱ्याला मध्यावर पकड घेता येते. शिवाय किल्लेकोट केल्यावर (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवल्यावर) हत्तीला उंटाची पट्टी मोकळी मिळू शकते.

शब्दाचं मूळ तर कोल्हापूरच्या मुलांना लगेच कळेल. इटालियनमध्ये ‘गांबा’ म्हणजे पाय, आणि ‘गांबेत्तो’ म्हणजे पायात पाय घालून पाडणं. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ च्या आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळात आणला. आपल्या तालमीत याला टांग म्हणतात. खासबागेत कुस्ती बघितलेल्या पोराला याहून जास्त सांगावं लागणार नाही.

— टांग फार आवडलं! पण क्वीन्स गँबिट या दुसऱ्या सुरुवातीला ‘वजिराची टांग’ कसं म्हणू? आणि ‘आमिष’ चालेल का?

— टांग समजावताना वापरा, नाव गँबिटच राहू द्या. आमिष मला पटत नाही, त्यात फसवणूक येते. इथे दोघांनाही सगळं उघड दिसत असतं. काळा गँबिट स्वीकारतो किंवा नाकारतो. बोलताना ‘प्यादं देऊन वेळ मिळवला’ एवढं पुरे. आणि क्वीन्स गँबिटला ‘राणीचा’ म्हणू नका, ‘वजिराचा गँबिट’ म्हणा. मुलं पटावर वजीरच मांडतात.