ल्युकेमियाची लागण झालेला बोका दुसऱ्या घरी द्यावा का?

प्रश्न
दोन महिन्यांपूर्वी रस्त्यावरून आणलेल्या आमच्या बोक्याच्या रक्ततपासणीत फिलाइन ल्युकेमियाच्या विषाणूची लागण दिसून आली. घरातली आधीची दोन मांजरे निरोगी असल्यामुळे तो वेगळ्या खोलीत राहतो आणि पाऊल वाजले की दाराखालच्या फटीतून पंजा बाहेर काढतो. एक कुटुंब त्याला दत्तक घ्यायला तयार आहे, पण त्यांच्याकडेही एक मांजर आहे. आजाराचे सांगितले तर त्याला कोणीच नेणार नाही, असे परिचित म्हणतात. मी काय करावे?

प्रतिसाद १
एका झटपट चाचणीवर त्याचे भवितव्य ठरवू नका. प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण काही मांजरांचे शरीर हा विषाणू आटोक्यात आणते. निदान कायम राहिले, तर मात्र त्याला निरोगी मांजराच्या घरी देऊ नये. हा विषाणू लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून आणि एका वाटीत खाण्यातूनही पसरतो. 1986 मध्ये सापडलेला एफआयव्ही, म्हणजे मांजरांची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा एक विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, त्यामुळे दोन्हींना एकच नियम लावता येत नाही. माणसाला यांपैकी कशाचीही लागण होत नाही, हेही त्या कुटुंबाला सांगा.

प्रतिसाद २
आम्ही आणलेल्या पिल्लाचा आजार देणाऱ्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो लपवला. आमची जेमतेम वर्षाची मांजरी त्याला तासन्‌तास चाटत बसे. पुढे तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, तेव्हा कुठे तपासणी झाली. दोघेही गेले. आम्हाला आधी सांगितले असते, तर पिल्लू आम्ही नाकारलेच असते असे नाही, पण तिला लस देऊन वेगळे ठेवता आले असते. कृपया लपवू नका.

प्रतिसाद ३
लागण आहे एवढ्यावरून मांजराला कायमचे झोपवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला मान्य नाही. खातापिता, खेळता बोका दुसरे मांजर नसलेल्या घरात, किंवा त्याच विषाणूची लागण असलेल्या मांजराच्या सोबतीने, काही चांगली वर्षे काढू शकतो. निर्बीजीकरण करून, तपासणीचा कागद हातात देऊन आणि तो झेपला नाही तर परत घेण्याची तयारी ठेवून त्याला द्या.

प्रश्नकर्ता
मी आज त्या कुटुंबाला सगळे सांगितले आणि त्यांनी नकार दिला. त्यांचा निर्णय योग्यच आहे. पुढची तपासणी होईपर्यंत तो त्याच खोलीत राहील, आणि रात्री मी तिथेच अंथरूण घालणार आहे.