स्पेनमध्ये नदीच्या खोऱ्यातनं माउंटन बायकिंग (एमटीबी): आइन्सा करावं का अजून कुठे?

पेडलपंत:
नमस्कार मंडळी, मी नोकरीमुळे बार्सिलोनात असतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्याहून दोन मित्र येतायत, आठवडाभर तिघांनी मिळून स्पेनच्या खेड्यापाड्यांतनं माउंटन बायकिंग करायचा बेत आहे. समुद्रकिनारा नको, शहरं नकोत, नदीची खोरी, डोंगराचे पायथे, जुनी दगडी गावं असं काहीतरी. एक मित्र वेताळ टेकडीवर वर्षानुवर्षं चालवतोय, त्याला उतार-दगड कशाचंच काही वाटत नाही. दुसऱ्याने मागच्या वर्षी सायकल घेतली, त्याची धाव खडकवासल्यापर्यंत आणि तीही डांबरीवरून. मी मधला. माझ्याकडे हार्डटेल आहे (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढे १२० मिमीचा सस्पेन्शन फोर्क, त्या दोघांसाठी भाड्याने घ्यायच्या आहेत.

जो तो पिरेनीज डोंगरांतल्या आइन्सा गावाचं नाव घेतो. पण विकिलॉक (ट्रॅक बघायचं ॲप) उघडलं तर इतके ट्रॅक की डोकंच फिरलं. नवीन मित्र म्हणतो नदीकाठ म्हणजे सपाटच असणार, आणि इकडे एलिव्हेशन बघतोय तर पंचवीस किलोमीटरला आठशे-नऊशे मीटर चढ?? हे खरंय का? ओर्देसा नॅशनल पार्क तिथून जवळ आहे, आत सायकल नेऊ देतात का? आणि एक जण शुद्ध शाकाहारी आहे (अंडं चालतं, असं त्याचं म्हणणं).

रानवाट:
खरंय. तिकडे नदी आहे म्हणून काठ असेलच असं नाही. नदी मध्येच अरुंद घळीत घुसते, मग वाट शंभर-दीडशे मीटर वर चढते, पुढच्या ओढ्याला परत खाली, परत वर, असं दिवसभर चालतं. नकाशावर एकही मोठा डोंगर दिसत नाही पण संध्याकाळी मांड्या बोलतात.

आइन्सा म्हणजे सिंका आणि आरा या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव, उएस्का प्रांतात, त्या भागाला सोब्रार्बे म्हणतात. वर टेकाडावर किल्ला आणि जुना दगडी चौक, खाली नवी वस्ती, सायकलची दुकानं, सुपरमार्केट. तिथल्या ट्रेल्सच्या जाळ्याचं नाव झोना झीरो. २०१५ आणि २०१८ ला एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजची (डोंगरउतारावरच्या सायकल रेसची जागतिक मालिका) फेरी इथे झाली आणि मग गाव जगाच्या नकाशावर आलं. पण या वाटा रेससाठी कोरलेल्या नाहीत हं, गावागावांमधल्या खेचरांच्या वाटा आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात लोक गावं सोडून सारागोसा-बार्सिलोनाला गेले, वाटांवर झुडपं माजली, नंतर सायकलवाल्यांनी त्या साफ करून परत चालू केल्या. त्यामुळे वळणं कसली अवघड आहेत, खेचर वळेल एवढीच जागा, एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला दरी. ट्रेल्सना सोप्यापासून अवघडापर्यंत हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग आहेत. तिथला निळा आपल्याकडच्या माणसाला लाल वाटतो हे धरूनच चाल.

आता मुद्द्याचं. तिथे राखाडी मार्लचे (चुना मिसळलेल्या चिकणमातीचा मऊ खडक) बोडके डोंगर आहेत, सुकं असेल तर त्यावर चालवायला जी मजा आहे ती दुसरीकडे नाही, टायर असा पकडून ठेवतो की वाकून वाकून वळणं घ्या. पण पाऊस पडला की संपलं. चिखल नाही तो, भिजवलेली कणीक आहे, चाक आणि फोर्कच्या मधे अशी बसते की चाक फिरायचंच बंद होतं आणि सायकल खांद्यावर घ्यायची तर ती दुप्पट वजनाची झालेली. एकदा ऐन ट्रेलमध्ये सर आली, झाडाची काडी घेऊन माती काढत बसलो, दहा पावलं चाललो की परत तेच. पाऊस झाला तर सरळ एक दिवस थांबा नाहीतर दगडी बाजूचे ट्रेल घ्या. आणि ओल्या मार्लवर चालवलं तर चाकोऱ्या पडतात त्या तशाच वाळतात, गावातले लोक चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे.

आरा नदीच्या बाजूने बोल्तान्या गावाच्या वर जा, खानोवास हे उठवलेलं गाव बघा. तिथे धरण होणार म्हणून १९६० च्या दशकात लोकांना उठवलं, घरं सुरुंगाने उडवली, शेवटचं कुटुंब १९८४ ला बाहेर पडलं. धरण काही झालंच नाही, २००१ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून ते फेटाळलं गेलं. आता त्याच लोकांची मुलं-नातवंडं येऊन घरं परत उभी करतायत. झुलत्या पुलावरून पलीकडे जाता येतं, सायकल हातात धरून न्या. उलट दिशेला, आइन्साच्या दक्षिणेला मेदियानोचं धरण मात्र झालं, तिथलं गाव १९६९ ला पाण्यात गेलं आणि चर्चचा मनोरा अजून पाण्यातून वर आलेला आहे. ऑक्टोबरात पाणी कमी असेल तर बराच खालपर्यंत दिसतो. कोयना-पानशेतच्या बाजूच्या माणसाला ही दोन्ही ठिकाणं वेगळ्याच रीतीने लागतात.

ओर्देसात पायवाटांवर सायकलला बंदी आहे, नाद सोडा. एक दिवस सायकली हॉटेलात ठेवून पायी जा.

चेन_लूज:
रानवाटभाऊंनी लिहिलंय त्यात खोट काही नाही, पण खडकवासला डांबरीवाल्या माणसाला पहिल्याच दिवशी आइन्सात उतरवणं म्हणजे त्याची सायकल परत पुण्यात ओएलएक्सवर दिसणार. मी म्हणतो उत्तर स्पेनमधल्या ला रिओहा प्रांतात जा, सिदाकोस नदीचं खोरं. फारसं कोणी नाव घेत नाही आणि म्हणूनच मला आवडतं.

कालाओर्रा हे एब्रो नदीजवळचं गाव, तिथून आर्नेदियोपर्यंत जुन्या छोट्या रेल्वेच्या मार्गावरून सायकलवाट केलीय, विया वेर्दे म्हणतात तसल्या वाटांना, स्पेनभर आहेत. चढ आहे पण आगगाडीचा चढ, म्हणजे कळतही नाही. सुरुवातीला भाजीचे मळे, मग आर्नेदो लागतं, तिथे बुटांचे कारखाने आणि वर लाल कड्यात कोरलेल्या गुहा. मग दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि आर्नेदियोला पोचता. नदीच्या अगदी काठाला गरम पाण्याची कुंडं आहेत, फुकट, कुणीही जाऊन बसा. दिवसभर चालवून त्या पाण्यात पाय सोडून बसायचं, वर कड्यावर ग्रिफन गिधाडं घिरट्या घालतायत. गिधाडं बघायला आपल्याकडे आता कुठे कुठे जावं लागतं, तिथे मान वर केली की झालं.

तुम्हा दोघांना थरार पाहिजे असेल तर आर्नेदियोच्या पुढे विया वेर्दे संपते आणि खरं काम सुरू होतं, कच्चे रस्ते, मेंढपाळांच्या वाटा, एन्सिसोच्या बाजूला डोंगरउतारावर डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत खडकात, अगदी तीन बोटं दिसतात. नवीन मित्र रस्त्याने येईल, तुम्ही वरनं जा, संध्याकाळी बारमध्ये भेटा. कुणाचं भांडण नाही.

रानवाट:
@चेन_लूज विया वेर्दे म्हणजे एमटीबी नाही राव. आईस्क्रीम खात चालवतात लोक.

चेन_लूज:
मग खाऊ दे की. सुट्टीला आलाय, सैन्यभरतीला नाही.

पेडलपंत:
हाहा भांडू नका. दोन्ही पटतंय हीच पंचाईत. अजून दोन शंका, सायकल घेऊन जायचं कसं (ट्रेन, बस?) आणि रस्त्यातल्या कुत्र्यांचं काय, माझ्या मित्राला कुत्र्यांची जाम भीती आहे, इकडच्या व्हिडिओत रेड्याएवढी कुत्री बघितलीत त्याने.

गिअरवाली:
कुत्र्यांचं आधी सांगते कारण मी माद्रिदला असते आणि आमच्या ग्रुपमध्ये हा विषय दर रविवारी निघतो. ती मोठी कुत्री म्हणजे मास्तिन, मेंढ्यांच्या राखणीची, लांडग्याच्या भागात तर असतातच. त्यांना तुमच्यात रस नाही, कळपात आहे. भुंकत आलं तर पेडल मारून पळायचं नाही, सायकलवरून उतरायचं, सायकल मधे धरायची आणि कळपाला लांबून वळसा घालून चालत जायचं. मेंढपाळ जवळपास असतोच, त्याला हात करा, 'ओला' म्हणा, तो कुत्र्याला हाक मारतो. आणि वाटेतलं फाटक उघडलं की मागे लावायचं, ते तारेच्या कडीने लावलेलं असतं, वैतागाने तसंच सोडू नका.

ऑक्टोबरात कुत्र्यांपेक्षा शिकारीकडे लक्ष द्या. शरद ऋतूपासून रानडुकरांचे हाकारे (रान उठवून केलेली शिकार) सुरू होतात, बहुतेक शनिवार-रविवारी. वाटेच्या तोंडाशी 'बातिदा' लिहिलेला फलक दिसला आणि बाजूला जीपगाड्या लागलेल्या असल्या की शहाण्यासारखं मागे फिरायचं, दुसरा ट्रेल पकडायचा. काळे-करडे जॅकेट घालून जंगलात हिरोगिरी नको, भडक रंग घाला.

हेल्मेट गावाबाहेर कायद्यानेच सक्तीचं आहे. इमर्जन्सीला ११२.

जाण्याचं म्हणाल तर आइन्साला रेल्वे नाही. बस बार्बास्त्रोवरून आहे पण फेऱ्या कमी आणि सायकल पिशवीत बांधून द्यावी लागते, ड्रायव्हरच्या मर्जीवर. तिघं आहात, व्हॅन भाड्याने घ्या, बार्सिलोनाहून साडेतीन तास धरा. मित्रांपैकी कोणी चालवणार असेल तर पुण्याहून इंटरनॅशनल परमिट काढून आणायला सांग. कालाओर्राला मात्र ट्रेन जाते, साध्या मीडियम डिस्टन्स गाडीत सायकल तशीच चढवता येते पण जागा मोजक्या असतात, आधी बुक कर. आव्हे या हायस्पीड गाडीत उघडी सायकल घेत नाहीत.

शाकाहारी मंडळींसाठी: तोर्तियाचा बोकादियो, म्हणजे बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट पावात. हे स्पेनच्या कुठल्याही खेड्यातल्या कुठल्याही बारमध्ये मिळतं, सकाळी दोन बांधून घ्या. कारण दुपारी दोनला दुकानं बंद होतात ती पाचला उघडतात आणि रात्रीचं जेवण नऊच्या आधी नाही. 'भाजीच्या सूपमध्ये' हॅम निघतं, विचारून घ्या, त्यांच्या हिशोबात हॅम म्हणजे मांस नसतं बहुतेक.

शून्य_नेटवर्क:
तिसरं मत द्यायचं राहवत नाही. तिघांना रेस नको, आईस्क्रीम नको असेल तर तेरुएल प्रांत. मोन्तान्यास वासियास नावाचा सातशेच्या आसपास किलोमीटरचा बाइकपॅकिंग (सामान सायकलवर लादून मुक्काम करत जायचा) रूट आहे, आल्बार्रासिनच्या बाजूचे डोंगर, ताखो नदीचं उगमाकडचं खोरं, पाइनची जंगलं. युरोपात इतका विरळ वस्तीचा पट्टा कमीच, तासन्‌तास माणूस दिसत नाही. त्यातला एखादा तुकडा करा फक्त, आठवड्यात पूर्ण होणार नाही. पण पाणी जपून, गावात नळ दिसतो पण कधी कधी वर फलक असतो की शुद्धीकरण केलेलं नाही, फिल्टर ठेवा. आणि तो भाग स्पेनमधल्या सगळ्यात थंड भागांपैकी एक, ऑक्टोबरात दुपारी टी-शर्ट आणि रात्री पारा शून्याकडे. नवशिक्या माणसाला घेऊन मी तरी जाणार नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या वर्षी तुम्ही दोघंच या.

पेडलपंत:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: व्हॅन घेतो, आधी आइन्सा तीन दिवस, मग आर्नेदियोला जाऊन गरम पाण्यात बसायचं. नवीन मित्र आइन्सात पहिल्या दिवशी हिरव्यावर, जमलं तर निळ्यावर, नाहीतर खाली चौकात कॉफी. खानोवासला तिघंही जाणार. तेरुएल नोंदवून ठेवलंय.

रानवाट:
बेत मस्त, फक्त क्रम आत्ताच पक्का करू नकोस. निघायच्या दोन दिवस आधी आएमेतचा (स्पेनचं हवामान खातं) अंदाज बघ, पिरेनीजमध्ये आठवड्याच्या सुरुवातीला पाऊस दिसला तर आर्नेदियो आधी कर, तोवर मार्ल वाळेल. राहायचं रद्द करता येईल असंच बुक कर. आइन्सात भाड्याच्या सायकली फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे) घ्या त्या दोघांसाठी, हार्डटेल तुझ्याकडे आहे तेवढी पुरे. आणि दुकानाच्या दारातच ब्रेक दाबून बघायला सांग, स्पेनमध्ये आपल्या उलट पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो.