रसायनशास्त्र: मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) काढताना उत्तर जुळत नाही, लवकर मदत हवी

अडकलोय: सल्फ्युरिक आम्लाचं द्रावण ०.२५, घेतलं ४०. मोल किती? गुणाकार केला तर १० येतात. उत्तरसूचीत ०.००५ आहे. तीनदा करून पाहिलं. सकाळी पेपर आहे, कोणीतरी पटकन सांगा.

ब्युरेट: ४० काय?

अडकलोय: मिलीच की! लिटरभर आम्ल कोण घेतं?

ब्युरेट: मग घोळ तिथेच आहे. मोलॅरिटी म्हणजे एका लिटरमागे किती मोल. ४० मिली म्हणजे ०.०४० लिटर. ०.२५ × ०.०४० = ०.०१. तुझे १० म्हणजे मिलिमोल, तेवढंच.

अडकलोय: पण ०.०१ पण जुळत नाही ना! ०.००५ हवंय.

परीक्षानळी: छपाईची चूक असणार. ०.०१ लिही आणि पुढे जा.

तोटी: आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. इतकी उष्णता निघते की पाणी उकळून आम्ल अंगावर उडतं. माझ्या बाहीला भोकं पडली होती.

ब्युरेट: तोटी, गणित कागदावरचं आहे हो.

जुनी वही: छपाईला दोष द्यायची घाई नको. ०.२५ च्या पुढे कोणतं अक्षर आहे? जसंच्या तसं टाक.

अडकलोय: '०.२५ एन'. एम आणि एन एकच ना?

जुनी वही: अजिबात नाही! एम म्हणजे मोलॅरिटी. एन म्हणजे नॉर्मॅलिटी, लिटरमागे किती ग्रॅम-सममूल्य; आम्लाचं एक ग्रॅम-सममूल्य म्हणजे एक मोल हायड्रोजन देईल इतकं आम्ल. या आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून मोलॅरिटी निम्मी, ०.१२५. गुणिले ०.०४०, झाले ०.००५. हायड्रोक्लोरिक असतं तर एम-एन सारखेच आले असते.

परीक्षानळी: म्हणूनच नॉर्मॅलिटी शिकवणं बंद करा म्हणतो.

जुनी वही: का? टायट्रेशनला (माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता काढायला) तिच्याइतकं सोपं काही नाही.

परीक्षानळी: परमँगनेट घ्या, तिथे हायड्रोजन नाही, घेतलेले इलेक्ट्रॉन मोजतात. मोलॅरिटी काढायला नॉर्मॅलिटीला आम्लधर्मी माध्यमात ५ ने भागायचं, उदासीन माध्यमात ३ ने. बाटलीवर नुसतं ०.१ एन असेल तर मोल कसे काढणार?

जुनी वही: अभिक्रिया माहीत असली की अडत नाही.

अडकलोय: जुळलं!! पुढचं: तेच आम्ल ९८ टक्के, १० मिली. ०.९८ × ०.०१० करू?

ब्युरेट: नको. टक्के वजनाचे आहेत ना? घनता दिलीय?

अडकलोय: हो, वजनाचे. घनता १.८४. ती लागते?

ब्युरेट: लागतेच. १० मिलीचं वजन १८.४ ग्रॅम. त्याचे ९८ टक्के, १८.०३ ग्रॅम आम्ल. भागिले ९८ (हे टक्के नव्हेत, या आम्लाच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे ०.१८४ मोल.