पणजोबांच्या दुनळी रायफलीचा इतिहास शोधायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार. आजोबांच्या मागे त्यांची शिकारीची रायफल माझ्याकडे आली. परवाना रीतसर माझ्या नावावर झालाय, त्यामुळे प्रश्न कायद्याचा नाही. लहानपणापासून ऐकत आलोय की पणजोबांनी ती १८८५च्या सुमारास स्वतःसाठी बनवून घेतली. आता नीट निरखून पाहिल्यावर मात्र मनात शंका आली.

बाहेरून दोन घोडे असलेली दुनळी आहे. नळ्यांमधल्या पट्टीवरचं नाव झिजलंय, शेवटचं 'बर्मिंगहॅम' तेवढं कळतं. चापाच्या कड्यावर पाच आकडी क्रमांक आहे. नळ्यांवर मागच्या बाजूला तीन मुकुट, त्यांच्याखाली बीपी, बीव्ही आणि एनपी अशी अक्षरं, शिवाय 'कॉर्डाइट ६०-४०० मॅक्स'. दस्त्याखाली चांदीचा लंबगोल तुकडा बसवलाय, त्यावर दोन आद्याक्षरं कोरलीत. ती आमच्या घराण्यात कुणाचीच नाहीत.

घरातली गोष्ट खरी असेल तर हवीच आहे, पण खोटी असेल तर तीही कळायला हवी. पुढच्या पिढीसाठी सगळं लिहून ठेवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

कॉर्डाइट म्हणजे एक धूररहित दारू. ६० म्हणजे तिचं वजन ग्रेन या छोट्या वजनी मापात, ४०० हे गोळीचं. हा भार ४५०/४०० जातीच्या काडतुसाचा. मुकुटाखालचे बीपी, बीव्ही, एनपी हे बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे (बंदुकीच्या नळ्या तपासून शिक्का मारणारी संस्था) १९०४पासूनचे शिक्के. एनपी म्हणजे धूररहित दारूची चाचणी. त्याआधी, १८१३पासून, तिथे मुकुट आणि एकमेकांवर तिरके राजदंड असा शिक्का मारत, सोबत बीपीसी किंवा व्ही.

पण एवढ्यावरून १८८५ खोटं ठरवू नका. काळ्या दारूसाठी बनलेल्या कितीतरी बंदुका नंतर नव्या दारूसाठी पुन्हा तपासून घेतल्या गेल्या. पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा आणि त्यांच्या बुडाशी पाहा. जुने शिक्के बहुतेक वेळा तिथेच सापडतात. पुढच्या लाकडातल्या लोखंडावरही क्रमांक असतो, तो चापाच्या कड्याशी जुळतो का तेही बघा. नाव वाचायला अंधारात टॉर्च अगदी आडवी धरा. घासू नका, पॉलिश लावू नका. उरलेली अक्षरंही जातील. आणि बंदूककाराने तपासल्याशिवाय कुठलंही काडतूस घालू नका, हे फार मनापासून सांगतोय.

नाव कळलं तर त्या कंपनीच्या विक्रीच्या वह्या शिल्लक आहेत का विचारा. जुन्या इंग्रजी कंपन्यांपैकी काही अजूनही क्रमांकावरून पहिला गिऱ्हाईक आणि तारीख शोधून देतात, त्याचं शुल्क असतं. मात्र पट्टीवरचं नाव कधीकधी नुसतं विकणाऱ्याचं असतं, बनवणारा वेगळाच. पूर्ण क्रमांक इथे टाकू नका.

धागाकर्ता

खूप आभार. काल रात्री नळ्या उतरवल्या. बुडाशी तिरके राजदंड आहेत! पुसट, पण दोन्ही नळ्यांवर. म्हणजे रायफल १९०४च्या आधीची, आणि कॉर्डाइटसाठीची चाचणी नंतर झाली. क्रमांकही जुळला.

टॉर्च आडवी धरल्यावर नावाचा शेवट 'रिचर्ड्स' असा वाटला, पहिला शब्द गेलाय. बर्मिंगहॅमची नामांकित बंदूक कंपनी वेस्टली रिचर्ड्स असेल असं लगेच वाटून गेलं, पण डब्ल्यू. रिचर्ड्स नावानेही बंदुका विकल्या जात आणि त्यांत बेल्जियमच्या स्वस्त बंदुका पुष्कळ होत्या. त्यांवर बेल्जियममधल्या लीज शहराच्या चाचणीघराचा लंबगोलातला ईएलजी शिक्का असतो, तो इथे कुठेच नाही. लॉकच्या (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) आतल्या बाजूला बनवणाऱ्याची खूण मिळू शकेल का? ते खोलायला बंदूककाराकडेच नेणार आहे, त्याला नेमकं काय बघायला सांगू? आद्याक्षरांचं कोडं अजून तसंच आहे. पहिला मालक दुसराच असेल आणि पणजोबांनी त्याच्याकडून घेतली असेल, तर त्या माणसाचं नावही मला वहीत लिहायचं आहे.