म्यूर वुड्स: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला ओढ्याकाठची वाट झेपेल का?

चाफेकळी (फ्रीमाँट):
आई-बाबा मागच्या आठवड्यात नागपूरहून आलेत. आई 71 वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सपाटीवर छान चालते, पायऱ्या उतरताना मात्र हात धरावा लागतो. बाबांना पूल, इमारती बघायच्या नाहीत, "जंगल दाखव" म्हणतात. म्यूर वुड्सला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या उंच रेडवुड झाडांच्या जंगलात, न्यावं असं मनात आहे. वाट कशी आहे? मध्ये बसायला मिळतं का? डबा नेता येतो का? शनिवारी निघायचा विचार आहे.

रानवाटा:
शनिवार टाळा, मधल्या वारी जा. आणि पार्किंग आधी बुक केल्याशिवाय घरातून निघू नका. शटल बसचंही बुकिंगच लागतं. तिथे फोनला रेंज नसते, म्हणून पावती घरीच डाउनलोड करून ठेवा.

रावेरची लेक:
ताई, नक्की न्या. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये मी बाबांना नेलं होतं. ते तेव्हा 74 वर्षांचे, हातात काठी. आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं.

मुख्य वाट रेडवुड क्रीक नावाच्या ओढ्याला धरून जाते. जवळजवळ सपाट आहे, काही ठिकाणी डांबरी, काही ठिकाणी लाकडी फळ्यांची. अधूनमधून बाकं आहेत. स्वच्छतागृह प्रवेशाजवळच आहे, तिथेच जाऊन घ्या. ओढ्यावर चार पूल आहेत, त्यांना नुसते आकडेच दिलेत. दुसऱ्या पुलावरून वळलात तर साधारण अर्धा मैल होतो, तिसऱ्यावरून एक मैल. तुमच्या आईंना तिसऱ्या पुलापर्यंत न्या, एका काठाने जा आणि दुसऱ्या काठाने परत या. चौथ्या पुलापासून हिलसाइड ट्रेलने परतायचा मोह होईल, पण ती वाट अरुंद आहे, मुळं वर आलेली आहेत, पायऱ्याही आहेत. त्या गुडघ्याला ती नको.

आम्हाला त्या एका मैलाला अडीच तास लागले, आणि ते अडीच तास मी कधी विसरणार नाही. बाबा एका जागी थांबले. मोठ्या झाडाचं जळकं खोड मधोमध आणि भोवती गोलाकार उभी असलेली सरळसोट झाडं. रेडवुडला मुळाशी नवे कोंब फुटतात, जुनं झाड गेलं तरी ते भोवताली वाढत राहतात, असं मी सांगत होते. बाबा म्हणाले, "म्हणजे केळीचे मुनवेच की!" मग प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाकून कोंब शोधत होते. इथली बहुतेक मोठी झाडं 500 ते 800 वर्षांची आहेत आणि सगळ्यात उंच झाड 258 फुटांच्या आसपास. पण बाबांच्या तोंडी दिवसभर मुनवेच होते.

ओढ्याचीही एक गोष्ट आहे, ती आईबाबांना जरूर सांगा. 1907 मध्ये एका पाणी कंपनीला हा ओढा अडवून इथे धरण बांधायचं होतं. जमिनीचे मालक विल्यम केंट यांनी 295 एकर जंगल थेट केंद्र सरकारला दान केलं आणि 9 जानेवारी 1908 रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित जंगल, जाहीर केलं. स्वतःचं नाव न देता निसर्गलेखक जॉन म्यूर यांचं नाव द्या, असं केंट यांनीच सुचवलं होतं. बाबांच्या मामाची जमीन धरणात गेलेली. हे ऐकल्यावर ते पुलाच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मीही बोलले नाही.

आत्ता उन्हाळ्यात पाणी कमी असेल. पाऊस झाला की हिवाळ्यात समुद्रातून कोहो सामन मासे अंडी घालायला याच ओढ्यात वर येतात. आम्हाला दिसले नाहीत. पण उन्हाळ्यातही सकाळी लवकर गेलात तर धुकं असतं. फांद्यांवर साचून ते टपटपतं, पाऊस नसताना. या झाडांना उन्हाळ्यात त्याचाच आधार. म्हणून स्वेटर हवाच, फ्रीमाँटच्या उन्हावर जाऊ नका.

झाडांच्या पायथ्याशी तीन पानांची हिरवीगार दाटी दिसेल, ती आपल्या आंबुशीची मोठी बहीण. आईंना दाखवा, लगेच ओळखतील.

दर्यावर्दी:
डब्याचं राहिलंच. जंगलात खायला परवानगी नाही. तीनेक मैलांवर म्यूर बीच आहे, तिथे टेबलं आहेत, दशम्यांची शिदोरी तिथे सोडा. आणि शेवटचा रस्ता फार वळणांचा आहे. आईंना पुढे बसवा, हळू चालवा, सोबत आवळासुपारी ठेवा.

चाफेकळी (फ्रीमाँट):
सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी सकाळी साडेआठचं पार्किंग मिळालं. रावेरची लेक, तुमचं लिहिलेलं आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी मुनव्यांचा भाग परत वाचायला लावला. आई विचारतेय, ती आंबुशी थोडी तोडून आणता येईल का, आमटीत घालायला?

रावेरची लेक:
नाही हो, तिथलं पानही तोडायचं नाही. पण वाटेवर बे लॉरेलची पानं गळून पडलेली असतात. एक उचलून बोटांत चुरगळून आईंच्या नाकाशी धरा. तमालपत्राच्या कुळातलंच झाड आहे, पण वास कितीतरी उग्र, थोडा कापरासारखा. मग पान तिथेच ठेवून द्या. मंगळवारी रात्री इथे लिहा, आई किती चालल्या ते.